डोंगल लावलं की लॅपटॉप बंद पडतो? आधी सेकंद मोजा

नेटचं डोंगल लॅपटॉपला लावलं आणि लॅपटॉप धाडकन बंद झाला. किंवा निळी स्क्रीन आली, इंग्रजीत काहीतरी अगम्य लिहून आलं आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. डोंगल काढलं की सगळं सुरळीत, परत लावलं की परत तेच. तुमच्या घरी असं होत असेल तर लॅपटॉप उचलून दुकानात पळण्याआधी दहा मिनिटं काढा. दुकानात ऐकायला मिळणारं वाक्य बऱ्याचदा ठरलेलं असतं: "मदरबोर्ड गेलाय." कधीकधी तो खरंच गेलेला असतो, नाही असं नाही. पण वांद्र्यात शेजारीपाजारी, ओळखीपाळखीत मी असे जे लॅपटॉप पाहिले, त्यातल्या बहुतेकांचा मदरबोर्ड ठणठणीत होता.

तुमच्यातले अर्धे जण आत्ताच म्हणतील, डोंगल कोण वापरतं राव, फोनचा हॉटस्पॉट आहे ना! बरोबर आहे, ज्याच्या हातात स्वतःचा फोन आहे त्याच्यासाठी. पण ज्या घरात एकच चांगला फोन आहे आणि तो सकाळी आईबरोबर कामाला जातो, तिथे आजही लॅपटॉपला डोंगलच असतं. सोसायटीच्या ऑफिसात, छोट्या क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानातही सापडेल. आणि अजून एक गोष्ट: तुम्ही फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करता ना, तेव्हा तुमचा फोनच लॅपटॉपसाठी डोंगल झालेला असतो. म्हणजे खाली लिहिलेलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

डोंगल आत गेल्यावर नक्की काय होतं

आपल्याला वाटतं, डोंगल खोचलं की नेट चालू. पण मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागून एक घडतात. लॅपटॉप नेमका कुठल्या गोष्टीच्या वेळी बंद पडतो, तिथेच उत्तर असतं. म्हणून म्हणतोय, सेकंद मोजा.

पहिली गोष्ट वीज. जुन्या, साध्या यूएसबीच्या टोकात चार पट्ट्या दिसतात. नीट बघितलं तर बाहेरच्या दोन थोड्या लांब असतात. त्या विजेच्या. मधल्या दोन डेटाच्या. लांब असण्याचं कारण म्हणजे खोचताना वीज आधी पोहोचावी आणि डेटा नंतर. वीज ५ व्होल्टची. साध्या २.० पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० पोर्टमधून (बऱ्याचदा हा आतून निळा असतो) ९००. नुकतंच लावलेल्या उपकरणाने तर आधी फक्त १०० वर भागवायचं, मग लॅपटॉपला विचारून जास्त घ्यायचं, असा शिष्टाचार आहे. सगळेच तो पाळतात असं नाही.

दुसरी गोष्ट ओळखपरेड. लॅपटॉप विचारतो, तू कोण? डोंगल आपला नंबर सांगतं. आणि इथे जुनी डोंगल चक्क खोटं बोलतात! ती आधी सांगतात, "मी सीडी ड्राइव्ह आहे." माय कॉम्प्युटरमध्ये डोंगल लावल्यावर कंपनीच्या लोगोची एक सीडी दिसायची, आठवतंय का? ती हीच. डोंगलबरोबर वेगळी सीडी द्यायला नको म्हणून सॉफ्टवेअर डोंगलच्याच पोटात भरलेलं असायचं. ते एकदा इन्स्टॉल झालं की ड्रायव्हर डोंगलला इशारा करतो, डोंगल क्षणभर गायब होतं आणि नवीन रूपात परत येतं: मोडेम, दोनतीन पोर्ट, मेमरी कार्ड रीडर, सगळं एकदम. लिनक्समध्ये हा वेष बदलायला लावणारं एक स्वतंत्र सॉफ्टवेअरच आहे, नाव यूएसबी मोडस्विच. विंडोजमध्ये मात्र हे काम डोंगलबरोबर आलेला ड्रायव्हर करतो. तो ड्रायव्हर विंडोज एक्सपी किंवा ७ च्या काळात लिहिलेला आणि लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ वर, अशी जोडी जमली की गडबडीला जागा भरपूर.

तिसरी गोष्ट रेडिओ. कनेक्ट दाबलं की डोंगल टॉवरशी बोलायला लागतं. टॉवर लांब असेल, किंवा तुम्ही जुन्या इमारतीच्या आतल्या खोलीत असाल, तर त्याला जास्त जोर लावावा लागतो. टूजीवर मोबाइलचा हा जोर क्षणिक का होईना, २ वॅटपर्यंत जाऊ शकतो. फोरजीवर तो साधारण ०.२ वॅट. म्हणजे नेटवर्क पडून डोंगल टूजीवर आलं की लॅपटॉपमधून वीज झटक्याझटक्याने ओढली जाते. पोर्ट आधीच कमजोर असेल तर इथे तो मान टाकतो.

आता हिशोब सोपा झाला. खोचल्याक्षणी, एक सेकंदाच्या आत, निळी स्क्रीन वगैरे काही न येता लॅपटॉप बंद झाला, तर संशय विजेवर: पोर्ट, शॉर्ट, करंट. पाच ते वीस सेकंद नीट गेले, "टिंग" असा आवाजही आला आणि मग निळी स्क्रीन आली, तर संशय ड्रायव्हरवर. सगळं छान चालू होतं आणि कनेक्ट दाबल्यावर किंवा नेटवर्क गेल्यावर पडला, तर दोन्ही शक्य आहेत, तपासावं लागेल. लॅपटॉपचं झाकण लावलं, परत उघडलं आणि तेव्हा पडला, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे बघा. डोंगल उपटून काढताना पडत असेल, तर आधी डिस्कनेक्ट करून मग काढून बघा. आणि हो, २०२५ पासून विंडोज ११ मध्ये निळी स्क्रीन काळी झाली आहे. रंग बदलला, अर्थ तोच.

एवढ्याशा ड्रायव्हरने अख्खं मशीन कसं पडतं?

फोनवर एखादं अ‍ॅप बंद पडलं तर फोन चालूच राहतो. मग डोंगलच्या चुकीची शिक्षा सगळ्या लॅपटॉपला का?

लोकलचं उदाहरण घ्या. डब्यात एखादा प्रवासी चक्कर येऊन पडला तर पुढच्या स्टेशनवर त्याला उतरवतात आणि गाडी पुढे जाते. पण मोटरमनला चक्कर आली तर? त्याच्या हाताखाली एक हँडल असतं, ते दाबून धरलं नाही की ब्रेक लागतो. गाडी मुद्दाम थांबवली जाते, कारण तशीच धावू देणं जास्त धोक्याचं. अ‍ॅप म्हणजे डब्यातला प्रवासी. ड्रायव्हर बसतो मोटरमनच्या केबिनमध्ये, ज्याला कर्नल म्हणतात. तिथे एकाने चुकीच्या जागी हात घातला की विंडोज स्वतःहून ब्रेक लावतं, म्हणजे तुमच्या फाइल खराब व्हायला नकोत. निळी स्क्रीन म्हणजे तो ब्रेक.

आणि हे गरिबाच्या जुन्या लॅपटॉपवरच होतं असं समजू नका. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्याने यूएसबीला स्कॅनर जोडला आणि भर स्टेजवर निळी स्क्रीन! अगदी अलीकडचं सांगायचं तर १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. तिथे डोंगल नव्हतं, पण केबिन तीच होती.

वांद्रे पूर्वेतली एक केस

शासकीय वसाहतीजवळ आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. त्यांची मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या मागे होती. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. कॉलेजांचे कोड लावायचे, क्रम वरखाली करायचा, हे फोनच्या छोट्या स्क्रीनवर वैताग आणतं, आणि फोन तर दिवसभर काकूंकडे. घरात एक सेकंडहँड लॅपटॉप होता, विंडोज ७ वरून १० वर आणलेला. नवीन फोरजी डोंगल घेतलं, लावलं की निळी स्क्रीन. दुकानदाराने लॅपटॉप उघडूनही न बघता मदरबोर्डचे साडेसहा हजार सांगितले. साडेसहा हजार त्या घरात प्रवेशाच्या फीसाठी बाजूला काढलेले होते.

"दादा, गेला का हा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी लाव तरी, बघू किती वेळ तग धरतो."

तीन वेळा लावलं, तीन वेगवेगळ्या पोर्टला. दर वेळी आठ ते दहा सेकंद, "टिंग", मग निळी स्क्रीन. म्हणजे वीज नाही. विजेचा घोटाळा असा शिस्तीत, ठरलेल्या सेकंदाला येत नाही, आणि तिन्ही पोर्ट एकदम मरत नाहीत. तिच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह आणि माउस व्यवस्थित चालत होते. तिचं डोंगल माझ्या लॅपटॉपवर मिनिटभरात कनेक्ट झालं. म्हणजे दोघंही निर्दोष, भांडण दोघांच्या मधल्या माणसाचं.

आता इथे एक निवड होती. ड्रायव्हर शोधत बसायचं की फॉर्म भरायचा? माझं मत स्पष्ट आहे: तारीख डोक्यावर असताना दुरुस्ती करायची नाही, वाट काढायची. माझ्याकडे उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह होता. तो लावून लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. यात हार्ड डिस्कला हात लागत नाही, सगळं तात्पुरतं चालतं. सुरू करताना "इन्स्टॉल" न निवडता "ट्राय" निवडायचं एवढंच. डोंगल लावलं, दहा सेकंद गेले, वीस गेले, नेट आलं. तिने तिथेच बसून ऑप्शन फॉर्म भरला, कन्फर्म केला, पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतली. शिवाय एक पुरावाही मिळाला: तोच लॅपटॉप, तेच पोर्ट, तेच डोंगल, फक्त विंडोज नाही, आणि काही पडलं नाही. मदरबोर्ड गेला असता तर लिनक्सने त्याला जिवंत केलं नसतं.

लाइव्ह पेनड्राइव्ह ही टेस्ट मला फार आवडते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि कुणाचं तरी वायफाय एवढंच लागतं. फक्त पेनड्राइव्ह बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी काढून ठेवा.

ड्रायव्हर कसा पकडायचा

दुसऱ्या दिवशी निवांत बसून जे केलं ते तुम्हीही करू शकता.

निळी स्क्रीन वाचायला वेळच मिळत नाही, कारण विंडोज लगेच रीस्टार्ट होतं. म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची टिक काढा. आता स्क्रीन थांबेल, फोनने फोटो काढा. त्यात कधीकधी एका फाइलचं नाव असतं, शेवटी टिंब आणि एसवायएस ही अक्षरं. तोच आपला आरोपी, किंवा निदान त्याचा साथीदार. "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल" असं लिहिलं असेल तर ड्रायव्हरने चुकीच्या मेमरीला हात लावला. "ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर" असेल तर झोप आणि जागेपणाचा गोंधळ.

नाव दिसलं नाही तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक छोटी फाइल तिथे साठते. ती वाचायला नीरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. आणि ज्यांना एवढं खोलात जायचं नाही त्यांनी स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा. तारखेनुसार तक्ता येतो, ज्या दिवशी काही पडलं तिथे लाल फुली. फुल्या कधीपासून सुरू झाल्या आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, हे शेजारी शेजारी दिसतं. लॅपटॉप बंद पडला पण मिनीडंपमध्ये काहीच नवीन आलं नाही, तर पुन्हा संशय विजेकडे वळवा. विंडोजला ब्रेक लावायलाही वेळ मिळालेला नाही.

त्या लॅपटॉपमध्ये आरोपी होता आधीच्या मालकाच्या थ्रीजी डोंगलचा ड्रायव्हर. ते डोंगल कधीच गेलं, ड्रायव्हर घरजावयासारखा राहिला. नवीन डोंगल आलं की हा पुढे होऊन म्हणायचा, मी बघतो.

त्याला काढायचं असं. डोंगल काढून ठेवा. लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू करा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाबा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यूमध्ये "शो हिडन डिव्हायसेस" करा. ही पायरी लोक विसरतात. त्याशिवाय न लावलेल्या डोंगलचे ड्रायव्हर दिसतच नाहीत. आता मोडेम, नेटवर्क अडॅप्टर, पोर्ट्स आणि यूएसबी कंट्रोलर या चार ठिकाणी फिक्कट रंगात जुन्या डोंगलची नावं दिसतील. एकेक करून अनइन्स्टॉल करा आणि विचारल्यावर ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकायची टिक करा. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका, फोटो काढून जाणकाराला विचारा. कीबोर्ड आणि टचपॅडही याच घरात राहतात. शेवटी जुन्या डोंगलचं डायलर सॉफ्टवेअर नेहमीसारखं अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट.

मग नवीन डोंगल लावताना त्याच्या सीडीतलं सेटअप लगेच चालवू नका. विंडोज ८ पासून मोबाइल ब्रॉडबँडचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, नवीन डोंगल बऱ्याचदा त्यावर आपोआप चालतात. काही डोंगल तर मोडेम म्हणवून घेतच नाहीत, स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणवतात आणि त्यांची सेटिंग ब्राउझरमध्ये उघडते. अशांना वेगळं डायलर लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये जितके कमी ड्रायव्हर, तितकी केबिनमध्ये कमी गर्दी.

विंडोज ११ वाल्यांनी विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे नजर टाका. मेमरी इंटिग्रिटी चालू करायला गेलात आणि जुना ड्रायव्हर आड येत असेल तर विंडोज त्याचं नाव तिथेच सांगतं. त्या ड्रायव्हरसाठी मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ड्रायव्हर काढा.

झाकण उघडल्यावर पडणाऱ्यांसाठी: डिव्हाइस मॅनेजर, यूएसबी रूट हब, पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथली "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या" या अर्थाची टिक काढा. बॅटरी थोडी जास्त जाईल, बस्स.

आणि वीजच दोषी निघाली तर

टॉर्च घेऊन पोर्टमध्ये बघा. मधली जीभ तुटली आहे का, पट्ट्या वाकून एकमेकींना चिकटल्या आहेत का. कार्टर रोड, बँडस्टँडकडे राहणाऱ्यांना सांगायला नको, खाऱ्या हवेने नळापासून पंख्यापर्यंत सगळ्याला गंज चढतो, पोर्टचे पातळ पत्रे कसे सुटतील? हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने हलकेच साफ करा. सुई किंवा पिन अजिबात नको. पट्ट्या चिकटलेल्या दिसल्या तर त्या पोर्टला काहीच लावू नका, शॉर्ट झालेला पोर्ट खरोखर मदरबोर्ड घेऊन जाऊ शकतो.

पोर्ट स्वच्छ असूनही कनेक्ट दाबल्यावर पडत असेल तर स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब मध्ये लावून बघा. डोंगल विजेसाठी लॅपटॉपवर अवलंबून राहत नाही. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा वापरा, मागचे थेट मदरबोर्डवर असतात. आणि तुमच्या डोंगलमध्ये वायफाय असेल तर सगळ्यात सोपं: ते लॅपटॉपला लावूच नका! फोनच्या साध्या चार्जरला किंवा पॉवरबँकला लावा, खिडकीजवळ ठेवा आणि लॅपटॉप वायफायने जोडा. वीज वेगळी, ड्रायव्हरचा प्रश्नच नाही, शिवाय खिडकीत रेंजही बरी मिळते.

घरात जुनं डोंगल सापडलं म्हणून त्याच्यासाठी एवढी खटपट करणार असाल तर आधी ते कुठल्या नेटवर्कचं आहे बघा. टाटा फोटॉनसारखी सीडीएमए डोंगल आता शोभेची वस्तू आहेत, ते नेटवर्कच राहिलेलं नाही. फक्त थ्रीजीवाल्यांचंही अवघड आहे, एअरटेलने २०१९ मध्येच कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली, आणि जिओकडे तर टूजी, थ्रीजी कधी नव्हतंच.

हे सगळं करूनही खोचल्याक्षणी लॅपटॉप बंद होत असेल, लाइव्ह पेनड्राइव्हवरही तेच होत असेल, तर मात्र दुकान गाठा. जाताना एका कागदावर लिहून न्या: किती सेकंदांनी पडतो, कुठल्या पोर्टला, लिनक्सवर पडतो का, निळ्या स्क्रीनचा फोटो आहे का. आणि मदरबोर्डचा भाव ऐकण्याआधी विचारा, या मॉडेलमध्ये यूएसबी पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे का? बऱ्याच लॅपटॉपमध्ये निदान एका बाजूचे पोर्ट तसे असतात, आणि मग तेवढा बोर्ड बदलून भागतं. दोन्हीचे पैसे वेगवेगळे लिहून मागा.